मंगळवारचं ताट

माझा आवाज मोठा आहे. वस्तीने मला हे इतक्या वेळा ऐकवलंय की आता मीच आधी सांगून मोकळी होते. पिठाच्या चक्कीवर जन्म काढला की असंच होतं. पट्टा फिरत असताना गिऱ्हाइकाशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि पट्टा थांबला तरी घसा काही थांबत नाही. नवरा गेल्यावर चक्की मी चालवायला घेतली, तेव्हा बाईमाणसाला हे झेपायचं नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यातले निम्मे आज माझ्याकडूनच दळून नेतात आणि पीठ कमी भरलं म्हणून कुरकुरतात.

त्या मंगळवारी दुपारी लाईन गेली. चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल. चक्की बंद, पंखा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी ओट्यावर बसून पदराने वारा घेत होते, उठून माठातलं पाणी पीत होते, पुन्हा बसत होते. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी जयवंताची कोर्टात तारीख होती.

जयवंता आमच्या सुमेध क्रीडा मंडळाचं पोर. मंडळ म्हणजे रेल्वे लाईनच्या अलीकडची एक टिनाची खोली आणि तिच्यासमोर कबड्डीचं मैदान, बस. वस्तीतली पोरं यार्डात शिरायची. मालगाडीतला कोळसा, तांब्याची तार, हाताला लागेल ते उचलायची. काही पोलिसांच्या हाती लागायची, काही गाडीखाली जायची. शेवटी मधुकरराव पुढे झाले. लोको शेडमधून रिटायर झालेले फिटर, बोलायला कडक, मनाने मेण. पोलिसांच्या आधी आपणच आपली पोरं धरू, असं ते म्हणाले आणि मंडळ उभं राहिलं. संध्याकाळी कबड्डी, मग कंदिलाच्या उजेडात अभ्यास, आणि ज्याला घर नाही त्याला खोलीत झोपायला जागा.

जयवंताला घर नव्हतं. बाप मेलेला. आईने पारशिवनीकडे दुसरा संसार मांडलेला आणि त्या संसारात हा नको होता. तांब्याच्या तारेसकट धरला गेला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. पोरांच्या कोर्टाने त्याला मंडळाच्या जामिनावर सोडलं. अट अशी की वर्षभर मंडळाच्या देखरेखीत राहायचं, आणि त्या वर्षात पुन्हा चोरी निघाली तर थेट सुधारशाळेत, अठरा वर्षांचा होईपर्यंत. ते वर्ष दुसऱ्या दिवशीच्या तारखेला सरणार होतं. आमच्या वस्तीतली दोन पोरं त्या सुधारशाळेतून परत आलेली आहेत. एक आता सट्टा चालवतो. दुसरा कोणाशी बोलतच नाही.

झोपायची सोय होती, सायकलच्या दुकानात कामही लावून दिलं, पण जेवणाचं काय? तेव्हा मधुकररावांनी बैठकीत वार लावायची गोष्ट काढली. जुन्या काळी ब्राह्मणांची गरीब मुलं शिकायला शहरात यायची आणि आठवड्याचे सात वार सात घरी जेवायची, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. नत्थूजी दवाखान्यात कंपाउंडर. ते ताडकन म्हणाले, "आपल्या पोराइले कोणं वार देल्ला होता गा?"

"नाही देल्ला," मधुकरराव म्हणाले. "म्हून तं आता आपण देऊ."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आमच्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला सतरा वर्षं होत आली होती, आणि आपणही कोणाला वार देऊ शकतो या विचारानेच सगळ्यांच्या छात्या फुगल्या होत्या. मंगळवार मी भांडून घेतला.

वार म्हणजे नुसती भाकर नव्हे, त्या घराने त्या दिवशी पोरावर नजरही ठेवायची, असं ठरलं. आणि नजर ठेवायला आमची माणसं कुठे मागे पडतात! सोमवारी मधुकररावांकडे आधी वंदना, मग पंचशील पाठ म्हणून दाखवायचं, तोवर वरण गार. नत्थूजी नखं तपासायचे. मीराबाईचा मुकुंद त्या वर्षी मॅट्रिकला होता. ती प्रत्येक घासाला मुकुंदाचे मार्क वाढायची. तुळसाबाईचा एकुलता एक मुलगा यार्डातच गाडीखाली गेलेला. ती नुसती वाढायची आणि रडायची. शनिवारचे देवराव जुने पैलवान, ते जेवणावर जोर मारायला लावायचे, मग पोराला उलटी झाली तरी चालेल.

मी यातलं काही करत नव्हते. मी फक्त विचारत होते. सकाळी कुठे होतास, दुपारी कोण भेटलं, सायकलच्या दुकानात मिस्त्री काय म्हणाला, यार्डाकडची ती पोरं पुन्हा दिसली का, दिसली तर काय बोलली. तो सगळं सांगायचा. मला वाटायचं, साऱ्या वस्तीत हे पोर एकट्या माझ्याशी मोकळं बोलतं. मला पोटचं कोणी नाही. मंगळवार उजाडला की मी सकाळीच बाजारातून कोवळी वांगी निवडून आणायची, आणि गिऱ्हाइकांवर त्या दिवशी कमी ओरडायची.

तर लाईन गेलेली, आणि समोरून मधुकरराव छत्री उघडून येताना दिसले. एवढ्या उन्हात ते घराबाहेर पडले म्हणजे काहीतरी बिनसलं असणार.

"यमुताई, मनोहरराव साहेब आज येऊन राहिले. दिवस बुडायच्या आत. पोराले पाहून उद्याचा रिपोर्ट लिहितो म्हणते."

मनोहरराव म्हणजे प्रोबेशनचे साहेब. त्यांच्या रिपोर्टावर सगळं होतं.

"येऊ द्या की. पोरगं दुकानातच असन."

"दुकानातूनच आलो मी. मिस्त्री म्हणते, दुपारीच सुट्टी मागून गेला."

"सुट्टी काहून?"

"सांगतलं नाही."

वर्षभर एक दिवस सुट्टी न घेणारं पोर नेमकं आज सुट्टी घेतं? यार्ड समोरच होतं. शंटिंगचा खडखडाट चालू होता. मी चक्कीला कुलूप घातलं आणि मधुकररावांना मंडळात जाऊन बसायला सांगितलं. साहेब लवकर आले तर कोणीतरी हवं होतं. मी निघाले घरोघर.

पहिलं घर तुळसाबाईचं. ती जमिनीवर तुरी निवडत बसली होती. मी दारातूनच ओरडले, "जयवंता आला होता का वं इकडं?"

तिचा चेहरा उतरला. सूप बाजूला सारून ती उठली आणि माझे हातच धरले. "यमुताई, मी कोणाले काही नाही म्हटलं वं. मले लोटा पाह्यजेच नाही."

"कोणता लोटा?"

तिच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नव्हतं. पण आता तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? होळीच्या आधी एका गुरुवारी जयवंता जेवून गेला आणि फळीवरचा पितळेचा लोटा गेला. तिच्या मेलेल्या मुलाचा लोटा. ती दोन दिवस रडली आणि गप्प बसली. "लोटा गेला तं गेला," ती म्हणाली. "बोलली असती तं जामीन गेला असता. एक गेला माहा, हा बी गेला असता."

संक्रांतीनंतर माझ्या घरातला लहान तवा दिसेनासा झाला होता. एका मंगळवारनंतरच. मी बाजारातून दुसरा आणला आणि कोणाला चकार शब्द सांगितला नाही. मांजराने नेला असेल, असं मी स्वतःला सांगत होते. मांजर तवा नेत नाही, एवढं मला कळतं.

"माहा तवा बी गेला वं," मी म्हटलं.

हसावं की रडावं ते आम्हा दोघींनाही कळेना. तुळसाबाईने पायात चपला सरकवल्या आणि माझ्याबरोबर निघाली.

नत्थूजी दवाखान्यातून नुकतेच आलेले, ओल्या टॉवेलखाली डोकं झाकून पडलेले. मी सरळच विचारलं, तुमच्या घरून काय गेलं? त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग स्वयंपाकघराकडे नजर टाकून हळूच म्हणाले, "वातीचा स्टोव्ह." तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "म्हणजे दुरुस्तीले नव्हता देल्ला?" पुढचं ऐकायला आम्ही थांबलो नाही. नत्थूजीही थांबले नाहीत, आमच्या मागोमाग बाहेर पडले.

मीराबाईकडे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिची परात गेली होती आणि तिला जयवंताचा संशय आलाच नव्हता. किंवा आला असेल आणि तिने तो दाबला असेल. सिनेमाच्या पैशांसाठी परात विकली म्हणून तिने मुकुंदाला झोडपलं होतं. मार्कांच्या राजाला! आता आमच्याकडून सगळं ऐकल्यावर ती मटकन खाली बसली. "मी माह्या पोराले मारलं वं यमुताई. त्यानं दोन दिवस अन्न टाकलं, तरी मले वाटलं नाटक करून राहिला."

हेच होतं आमचं. सात घरांनी मिळून एका पोरावर नजर ठेवली, आणि जे दिसलं ते प्रत्येकाने आपापल्या पदराखाली झाकलं. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच घरचं गेलं आहे, आपण बोललो की पोर सुधारशाळेत जाईल. त्याला वाचवायचं म्हणून गप्प बसलो, आणि वर आपल्या चांगुलपणाचं आपल्यालाच कौतुक. मला स्वतःचा इतका राग आला की वाटेतल्या बकरीवर उगीच ओरडले.

मंडळात मधुकरराव खुर्चीवर ताठ बसले होते. आम्ही चौघं घामाघूम होऊन आत शिरलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "माह्या घरचा कंदील. मी बायकोले सांगतलं का मंडळात ठेवला हाय."

"विकलं असन सारं," नत्थूजी म्हणाले. "उद्या कबाडी पोलिसात धरल्या गेला तं पोराचं नाव निघन."

साहेब यायला अजून वेळ होता. मी उठले ती थेट रामाजी कबाड्याच्या भंगाराच्या दुकानावर. तोंडाचा पट्टा सुरू केला, त्या पोराकडून काय काय घेतलंस ते मुकाट्याने काढ, नाहीतर उद्यापासून तुझं दळण बंद. रामाजी बिचारा तागाच्या पोत्यांवर लवंडला होता, धडपडून उठला.

"मी काहीच नाही घेतलं ताई. त्यानंच माह्यापासून घेतलं. एक जर्मनची थाळी अन् एक गिलास. नगदी देऊन गेला. आत्ताच तं गेला, नाल्यापलीकडच्या पंपघराकडं. हातात पिठाची थैली होती."

पीठ! माझ्या चक्कीवरून नेलेलं नव्हतं. म्हणजे पोराने दुसऱ्या चक्कीवरून आणलं होतं. खरं सांगते, त्या घटकेला मला तव्यापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

पंपघर म्हणजे इंजिनांना पाणी चढवायची रेल्वेची जुनी खोली. पंप कधीच काढून नेलेला, छप्पर अर्धं पडलेलं. मी नाला ओलांडला तेव्हा ऊन उतरत होतं आणि छपराच्या भोकातून धूर निघत होता. मागे वळून पाहिलं तर तुळसाबाई, नत्थूजी, मीराबाई, तिघंही येत होती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

आत झाडून सडा टाकलेला होता. तीन विटांची चूल, त्यावर माझा तवा. कोपऱ्यात नत्थूजींचा स्टोव्ह, तेल नसलेला. खिळ्याला कंदील, त्याखाली एक पळी आणि चिमटा. परातीत ज्वारीचं पीठ मळलेलं, शेजारी पाण्याने भरलेला लोटा. सगळी भांडी राखेने घासून लख्ख केलेली. माझ्या घरात तो तवा इतका स्वच्छ कधी नव्हता. आणि चुलीपुढे उकिडवा बसून जयवंता भाकर थापत होता. भाकर थापताना फाटत होती, तो पुन्हा गोळा करत होता. आम्ही दिसलो तरी तो उठला नाही.

थोबाडीत मारायची असं मी वाटेत ठरवलं होतं. हात उचललाच गेला नाही.

"काय करून राहिला बे?"

"सैपाक."

"कोणासाठी?"

"माह्यासाठी."

"कवापासून चालू हाय हे?"

"सामान तं कधीचंच जमलं होतं. पीठ घ्याले पैसे आज जमले. पगार मधुकररावांपाशी राहते ना. मले चहापुरते भेटतात."

ते खरंच होतं. पोराच्या हातात पैसे नकोत, यार्डाची ओढ लागेल, असं आम्हीच बैठकीत ठरवलं होतं. मीच सगळ्यात मोठ्याने.

"आज मंगळवार हाय," मी म्हटलं.

"माहीत हाय."

"सात वारातून सोडाले तुले माहाच वार भेटला?" माझा आवाज फाटला. सगळ्यांसमोर फाटला.

त्याने तव्यावर भाकर टाकली. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाकीच्या घरी नुसतं जेवा लागते, मावशी. तुमच्या घरी सांगा लागते. तोंडात घास असला तरी सांगा लागते."

मला कोणीतरी मागून धरलं, बहुतेक मीराबाईने. 

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. मनोहरराव साहेब, पॅन्टला क्लिपा लावलेल्या, हँडलला फायलीची पिशवी. मागे धापा टाकत मधुकरराव. मंडळात पोरगं नाही म्हटल्यावर साहेब थांबायला तयार नव्हते आणि वस्तीने त्यांना बोट दाखवून इकडे पाठवलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. पण नोकरीचा माणूस होता, आणि त्याला डोळे होते. त्याने चूल पाहिली, कंदील पाहिला, स्टोव्ह पाहिला.

"हे सगळं सामान कुणाचं?"

मग मधुकरराव पुढे झाले. दर सोमवारी त्या पोराकडून खोटं न बोलण्याचं शील पाठ म्हणून घेणारे मधुकरराव. "आम्हीच दिलं, साहेब. मंडळाने."

"हो हो," तुळसाबाई म्हणाली, "लोटा माह्या घरचा हाय. मीच देल्ला."

"स्टोव्ह माझा," नत्थूजी. "परात माही," मीराबाई. बैठकीत चहा कोणी द्यायचा यावरही आमचं कधी एकमत झालं नव्हतं, आणि इथे सगळ्यांचा सूर एक. तव्याचं सांगायला मीही तोंड उघडलं.

"खोटं हाय," जयवंता म्हणाला.

तो उभा राहिला. हात पिठाने भरलेले, ते त्याने चड्डीला पुसले. "कोणंच नाही देल्लं, साहेब. मी उचललं. एकेका घरून, एकेक."

तुळसाबाईने कपाळावर हात मारला. साहेबांनी चष्मा वर सरकवला. "जयवंता, तू काय बोलतोस ते कळतंय का तुला? मला हे उद्या लिहावं लागेल."

"लिहा."

"अरे, पण ही माणसं तुझ्यासाठी..."

"देल्लं म्हटलं तं उद्या पुन्हा याइच्याच घरी जेवाले जा लागते," तो म्हणाला. "साल सरलं तरी जा लागते. याइनं मले लोटा देल्ला, तवा देल्ला, हे साऱ्या जन्माचं ऐका लागते. त्यापेक्षा सुधारशाळा बरी. तिथं कोणी आपल्या घरचं वाढत नाही."

मला वाटलं, आता सगळं संपलं. पोरगं स्वतःच्या पायाने आत चाललं होतं आणि आमची सात घरं त्याला थांबवू शकत नव्हती, कारण तो आमच्यापासूनच सुटायला निघाला होता. मला भयंकर राग आला. त्याचा आला, साहेबांचा आला, माझ्या वांग्यांचा आला. आणि त्या रागातच मला दिसलं की तव्यावरची भाकर करपतेय.

मी खाली बसले. पिठाच्या थैलीजवळ त्याची नवी थाळी होती. भाकर उचलून त्या थाळीत टाकली, तवा पदरात धरून चुलीवरून काढला आणि उभी राहिले.

"माहा तवा घेऊन चालली मी."

"मावशी..."

"काय मावशी? चोरला ना तू? मंग माहा हाय. नेला परत. तुळसाबाई, लोटा उचल."

"अवं, त्याले पाणी प्याले..."

"उचल म्हणते ना!" चक्कीवरचा आवाज लावला मी. पडक्या छपरावरची कबुतरं उडाली.

तुळसाबाईने लोटा उचलला. आधी त्यातलं पाणी त्याच्या नव्या गिलासात ओतलं, काठोकाठ, आणि मग रिकामा लोटा पोटाशी धरला. मीराबाई समजली. तिने पीठ काढून थाळीत भाकरीशेजारी ठेवलं, परात घेतली आणि देवरावांची पळी आणि सातव्या घरचा चिमटा त्या परातीत भरला. नत्थूजींनी स्टोव्ह काखेत मारला. मधुकरराव मात्र तसेच उभे.

"कंदील कोणाचा हाय, मधुकरराव?"

"माहा," ते पुटपुटले.

"मंग काढा खिळ्यावरून."

त्यांनी काढला. मी साहेबांकडे वळले. "आता दाखवा चोरीचा माल कोठी हाय ते. माही वस्तू माह्या हाती हाय, याची याच्या हाती. राहिलं काय? त्या विटा रेल्वेच्या पडक्या भिंतीतल्या हायेत. थाळी, गिलास अन् पीठ त्यानं नगदी घेतलं, रामाजीले इचारा. तक्रार कोणाची हाय? कोणाची हाय का गा?"

कोणाची नव्हती.

साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला. "तक्रार नाही, ठीक आहे. पण कोर्टाची अट देखरेखीची आहे, यमुताई."

"झोपाले मंडळातच येते तो. अन् माह्या ओट्यावरून इथला धूर दिसते. त्याहून जास्त आम्ही सालभर पाह्यलं, साहेब. पाहून पाहून त्याले घास गिळू देल्ला नाही."

साहेब पोराजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "यांच्या घरी जेवायला गेला नाहीस तर खाशील काय?"

"भेटन ते."

"आणि नाहीच मिळालं, तर यार्डात जाशील?"

मला वाटलं, नाही म्हण रे बाबा, एवढं एक खोटं बोल.

"जावंसं वाटते," जयवंता म्हणाला. "रोजच वाटते. याइच्या घरी जेवताना बी वाटे. गेलो नाही. पण वाटते का, हे कोणं इचारलंच नाही."

मी वर्षभर त्याला सगळं विचारलं होतं. कुठे होतास, कोण भेटलं, काय बोललं. हे एवढं सोडून सगळं. हातातला तवा अजून गरम होता आणि पदरातून चटके बसत होते, तरी मी तो तसाच धरून उभी राहिले.

साहेबांनी फाईल उघडलीच नव्हती. पिशवीतच राहू दिली. "उद्या वेळेवर ये कोर्टात," ते त्याला म्हणाले, "आंघोळ करून."

"काय लिहान साहेब?" मधुकररावांनी विचारलं.

"मी गेलो तेव्हा मुलगा स्वयंपाक करत होता. दुसरं काय लिहू?"

त्यांनी खरंच तेवढंच लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाने त्याला मोकळं केलं. हे सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मधुकररावांनी निघताना, कंदिलाशी चाळा करत, पगार यापुढे त्याच्याच हाती देऊ असं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. आभार वगैरे मानले नाहीत, आणि बरंच झालं.

आम्ही निघालो तेव्हा तो पुन्हा चुलीपुढे बसला होता. तवा नव्हता. त्याने उरलेल्या पिठाचे जाड गोळे केले आणि विटा सरकवून निखाऱ्यात सारले, शेतात रोडगे भाजतात तसे. तुळसाबाईचा पाय दारातून निघेना.

"आतून कच्चे राहतीन वं ते. मी दोन मिनिटं बसून..."

"नाही."

"उपाशी झोपन तो."

"झोपू दे," मी म्हटलं आणि तिचा दंड धरून तिला नाल्याच्या वाटेला लावलं. ती वळून पाहील म्हणून धरला होता, असं तिला वाटलं असेल. मान माझीच वळत होती.

घरी आले तोवर लाईन आली होती. चक्कीपुढे दळणाचे डबे रांगेत लागले होते. मी सगळ्यांना उद्या या म्हणून सांगितलं. सकाळचा स्वयंपाक झाकलेला होता, दोघांचा. मी एकच ताट वाढून घेतलं. एकेक घास करून सगळं खाल्लं. दाराकडे पाठ करून बसले होते मी. तोंड केलं असतं तर पंपघराचा धूर दिसला असता, आणि मग मी विचारायला गेलेच असते.